काटकसरीची जीप
(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरी, नाट्यसंगीत आणि आयकर या विषयांवर व्याख्याने झालेली आम्ही ऐकली आहेत. त्या मालिकेत नटबोल्ट आणि ग्रीस यांनाही स्थान मिळेल, असे आम्हांस वाटले नव्हते. शिवाय आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर; उभी हयात केंद्र सरकारच्या फाइलींवर शेरे मारण्यात गेली. परंतु गेली दोन वर्षे मंडळाचे आम्ही चौघे सभासद एक जुनी जीप दगडधोंड्यांतून चालेल अशा बेताने बांधीत होतो, आणि ते काम साडेतीन लाख रुपयांत आटोपले, ही वार्ता चिटणीसांच्या कानी गेली. ते म्हणाले, “बाकी काही सांगू नका, हिशेब सांगा.” तेव्हा हिशेबच सांगतो; मात्र तो सांगताना थोडे इतिहासात आणि थोडे कायद्यात शिरावे लागेल.

चौघांपैकी एकजण बँकेत, एक प्राध्यापक, एक ईएमईतून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे सुभेदार आणि चौथे आम्ही. खरे ज्ञान सुभेदारांचे आणि मनीमाजऱ्याच्या सरदारजी मिस्त्रींचे. उरलेल्या तिघांनी पाने उचलून दिली आणि चहा आणला.

जीपच का, असा प्रश्न येईल. वस्तुतः ही गाडी जन्मतःच निकडीतून निघालेली आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने १३५ कारखान्यांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी पाठविली आणि नमुना सादर करण्यास ४९ दिवसांची मुदत दिली. ती मुदत पाळली पेनसिल्व्हेनियातील बॅन्टम या लहानशा, आर्थिक ओढगस्तीत असलेल्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पुढे मोठी कंत्राटे गेली विलीज आणि फोर्ड यांच्याकडे, हा भाग निराळा. सरकारी खरेदीत असे होते, हे आम्ही अधिक बोलून दाखवीत नाही. आपल्याकडे १९४७ मध्ये मुंबईत सुट्या भागांतून विलीज जीप जोडण्यास आरंभ झाला. महिंद्र बंधूंचे त्या धंद्यातले मूळचे भागीदार मलिक गुलाम महंमद हे फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. पुढे आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी ही जात अमेरिकेत १९६० च्या दशकातच बंद पडली, पण आपल्याकडे कितीतरी अधिक काळ निघत राहिली. म्हणून तिचे भाग अद्याप मिळतात आणि ती हाताळणारे मिस्त्रीही. काटकसरीच्या कामाला याहून मोठे कारण लागत नाही.

आता गाडी कोठून आणावी? पूर्वी लोक सरकारी लिलावाकडे डोळे लावून बसत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. लष्कराच्या व सुव्यवस्थेच्या खास कामांतील गाड्या सोडल्या, तर ही वाहने भंगार केंद्राकडेच जावयाची. हरियाणाच्या टोकाला मंडी डबवाली येथे जुन्या सुट्या भागांतून अख्खी जीप उभी करून देणारे कारागीर आहेत; त्यांचे हस्तकौशल्य पाहून आम्ही थक्क झालो. परंतु तेथून जवळच एका व्यापाऱ्याने आम्हांस विनाकागदाची एक जीप पन्नास हजारांनी स्वस्त देऊ केली, तेव्हा आम्ही नम्रपणे पाठ फिरविली. ज्या गाडीचा चासी क्रमांक कोणत्याही नोंदवहीत नाही, ती उद्या चोरीची निघाली तर सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर खुलासे देत बसावे लागेल. आम्ही अंबाल्याकडील एका शेतकऱ्याची, कागदपत्रे असलेली, पेट्रोल इंजिनाची सीजे-३बी एक लाख तीस हजारांस घेतली. पत्रा गंजलेला, चासी मात्र शाबूत. पत्रा बदलता येतो. वाकलेली चासी सरळ करण्याच्या नादी लागू नये.

मग कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये असे स्पष्ट केले की, कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. रंग बदलणे वगैरे किरकोळ गोष्टी निराळ्या. गाडी उंच करावयाची, रुंद टायर घालावयाचे, सांगाडा जोडावयाचा आणि मग ती सेक्टरांच्या रस्त्यांवरून मिरवावयाची, हे होणे नाही. कित्येक तरुण ते करतात आणि दंड भरतात. अपघात झाल्यास विमा कंपनी अंग काढून घेऊ शकते, हा भाग त्यांना कोणी सांगत नाही. आमचा मार्ग साधा होता. शिवालिकच्या पायथ्याशी, एका चोच्या काठी आमच्या एका स्नेह्यांची खाजगी जमीन आहे. (नवीन आलेल्या कुटुंबांसाठी सांगतो, चो म्हणजे पावसाळ्यात फुगणारा आणि एरवी वाळू-गोट्यांचा कोरडा पट्टा असलेला ओढा.) जीप तेथेच चालवावयाची आणि न्यावयाची ती टोइंगच्या ट्रकवर चढवून. या ट्रकाचे भाडे हे या छंदातील सर्वांत दुर्लक्षित कलम आहे. पहिल्या वर्षाचे अठरा हजार आम्ही आरंभीच बाजूस काढून ठेवले होते, म्हणून साडेतीन लाखांचा आकडा टिकला.

यंत्राकडे येतो. मूळ सीजे-३बीचे पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७९८, हलक्या फेऱ्याच्या पेटीचे २.४६ आणि आसाचे ५.३८. तिन्हींचा गुणाकार सुमारे सदतीस येतो. म्हणजे इंजिनाचे सदतीस फेरे झाल्यावर चाकाचा एक. त्यामुळेच हे वयस्कर इंजिन मुंगीच्या गतीने पण मुंगीच्याच चिकाटीने दगड चढते. बँकवाल्या स्नेह्यांना मोठे डिझेल इंजिन बसवावयाचे होते. आम्ही हिशेब मांडला. सव्वा लाख इंजिनाचे. शिवाय माउंटिंग, रेडिएटर आणि गिअरपेटीचे जोडकाम. एवढा पैसा गेल्यावर बाकीच्या गाडीस काय उरणार? इंजिन उघडून रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलले, कार्ब्युरेटर साफ केला आणि तो विषय मिटविला.

मोठा बदल झाला तो पाट्यांचा. मूळ रचनेत कमानीचे पाटे आसाच्या खाली असतात. ते आसाच्या वर बसविले की गाडी एकदम पाचएक इंच उचलली जाते. नवे पाटे घ्यावे लागत नाहीत, म्हणून ही युक्ती गरिबांना प्रिय. परंतु तिची किंमत अन्यत्र चुकवावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. सुकाणूचा दांडा तिरका होतो आणि चाक खड्ड्यात गेले की गाडी आपणहून वळू पाहते. ब्रेकच्या रबरी नळ्या आखूड पडतात. हे सारे जुळवून घेण्यात मिस्त्रींचे तीन आठवडे गेले. वेल्डिंग मात्र त्यांनी दुसऱ्या कोणास करू दिले नाही.

आणखी एक गोष्ट आहे. या जीपच्या दोन चाकांतील अंतर सुमारे अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे अर्धे चोवीस. समजा, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून चोवीस इंचांवर आहे. तर उभी गाडी पंचेचाळीस अंशांच्या उतारावर कलंडेल. तोच मध्य पाच इंच वर गेला की हा कोन चाळीसच्याही आत येतो. बाहेर झुकलेल्या रिमांनी प्रत्येक बाजूस दोन इंच मिळविले, तर दोनएक अंश परत मिळतात. चालत्या गाडीस याहून पुष्कळ कमी पुरते. म्हणून उलटण्याविरुद्धचा पोलादी सांगाडा हा आम्ही शोभेचा मानला नाही. जाड भिंतीचा सीमलेस पाइप वापरला आणि त्याचे पाय पत्र्यावर न टेकविता थेट चासीला जोडले. बाजारात पत्र्यावर स्क्रूने उभे केलेले चकचकीत सांगाडे मिळतात. गाडी उलटली की ते पाय पत्र्यातून खाली घुसतात.

टायर घेतले एकतीस इंचांचे. मूळचे अठ्ठावीसच्या आसपास. व्यास दहाअकरा टक्के वाढला, तेवढेच गिअरचे बळ घटले. सदतीसचे तेहतीस झाले. चालेल असे ठरले. सर्वांत गुणकारी सुधारणा मात्र फुकटची निघाली. वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधील हवा तीस पौंडांवरून पंधरावर आणावयाची. टायर पसरतो आणि रुतत नाही. परतताना पायपंपाने हवा भरण्याचे काम प्राध्यापकांकडे आहे.

विजेच्या विंचऐवजी हाताने ओढावयाचे तिरफोर यंत्र आणि चांगला दोर घेतला. घाम जातो, परंतु बॅटरी जात नाही.

आता ब्रेक. जुन्या जीपला एकच वाहिनी असते. तेलाची एक नळी कोठेही फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. सुभेदारांनी पहिल्याच बैठकीत बजाविले, “साहेब, आधी टँडम मास्टर सिलिंडर, मग बाकीचा संसार.” टँडममध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वाहिन्या वेगळ्या असतात. त्या सुमारास उरलेल्या पैशांत एक तर हे काम झाले असते, नाही तर छतावरचे एलईडी दिवे आणि पुढचा रुंद बंपर. मतभेद कडाक्याचा झाला. बँकवाले स्नेही आठवडाभर आले नाहीत. अखेर सिलिंडर, नव्या नळ्या, चारही चाकांचे नवे सिलिंडर आणि लायनर मिळून सव्वीस हजार गेले. दिवे राहिले.

मागच्या नोव्हेंबरात प्राध्यापक जीप घेऊन चोच्या काठावरून उतरत होते. शेजारी त्यांची बारा वर्षांची मुलगी, पट्टा बांधून. एका उडालेल्या गोट्याने मागच्या आसावरची नळी चेपून फोडली. आम्ही खाली उभे होतो. पेडल अर्ध्यापर्यंत खाली गेले हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. पुढचे ब्रेक मात्र धरले आणि गाडी खालच्या शिळेपासून दोन हातांवर येऊन थांबली. मुलगी उतरून आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, पाणी आहे का?” बँकवाल्यांनी तिला बाटली दिली आणि काही न बोलता सुभेदारांना नमस्कार केला.

ती नळी आता आसाच्या मागील अंगाने, लोखंडी पट्टीच्या आडून नेली आहे. खर्च चारशे रुपये. बिले एका जाड वहीत चिकटवलेली असून ती मंडळाच्या ग्रंथालयात ठेवीत आहोत. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ट्रक सकाळी सहास निघेल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी बंद बुटांनी यावे, आणि डबा आपापला आणावा.