मूत्रपिंडातील सूक्ष्म नियंत्रक



हीरक महोत्सवी वर्षात शाळेसाठी काय करावे, असे आपल्यापैकी अनेकजण आपुलकीने विचारतात. आपल्यातील बहुतेकांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. म्हणून आज आपल्या मूत्रपिंडांविषयी बोलणार आहे.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतांश रक्तात परत पाठवितात. हे कार्य ज्या प्रथिनांमुळे चालते, त्यांच्या निर्मितीचा आदेश जनुकांकडून संदेशवाहक आरएनए आणतो. सुमारे बावीस घटकांचा मायक्रोआरएनए हा चिमुकला रेणू अशा संदेशाला चिकटून त्याला आवर घालतो. व्हिक्टर अँब्रॉस व गॅरी रव्हकुन यांनी एका सूक्ष्म कृमीत लावलेला त्याचा शोध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा आवर सुटला तर काय होते? मायक्रोआरएनए घडविण्यास आवश्यक असलेले डायसर हे विकर संशोधकांनी उंदरांच्या गाळण्यांतील विशिष्ट पेशींतून काढून टाकले. काही आठवड्यांतच गाळण्या ढासळल्या आणि लघवीतून प्रथिने वाहू लागली. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात कोलॅजेनला आवर घालणारा मायक्रोआरएनए-२९ घटतो, मायक्रोआरएनए-२१ वाढतो आणि निरोगी ऊतीच्या जागी निबर तंतू साचत जातात. मायक्रोआरएनए-२१ला रोखणारे एक औषध अल्पोर्ट या आनुवंशिक विकारात तपासले गेले; परंतु अपेक्षित लाभ न दिसल्याने ती चाचणी थांबविण्यात आली. लघवीतील मायक्रोआरएनएवरून रोग लवकर ओळखण्याचे प्रयत्नही अद्याप संशोधनाच्याच टप्प्यावर आहेत.

तोवर आपण थांबून राहू नये. मूत्रपिंडे सहसा तक्रार करीत नाहीत. जवळजवळ निम्मी कार्यक्षमता गेली तरी रक्तातील क्रिएटिनिन सामान्य दिसू शकते. मधुमेहात लघवीतील अल्ब्युमिन बहुधा त्याआधीच इशारा देते. म्हणून मधुमेह वा उच्च रक्तदाब असलेल्यांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा तरी कराव्यात. वेदनाशामक गोळ्याही वैद्यकीय सल्ल्याविना वारंवार घेऊ नयेत.

देणगीची पावती शाळा देईलच. परंतु या वर्षी आपल्याकडे माझे मागणे निराळे आहे. येत्या महिन्याभरात या तपासण्या करून घ्या आणि घरातील वडीलधाऱ्यांच्याही करवून घ्या. शाळेच्या पुढील प्रत्येक मेळाव्यास आपण सारे धडधाकट यावे, एवढीच इच्छा.