गुलाबी बाटली आणि जस्ताचे दोन अणू
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमातील भाषण)



आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही. आज आम्ही जंतूंवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. पण घरावर वेळ आली आणि अभ्यास करावा लागला.

डब्लिनहून भारतात निघताना आपल्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असतात. एक, पेप्टो-बिस्मॉलची गुलाबी बाटली. दुसरी, 'असू देत, लागतील' म्हणून ठेवलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या. आम्हीही त्या नेल्या. पुण्यात आईंना ताप आला, तेव्हा डॉक्टरांना न विचारता दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, गोळ्या बंद!

दोन वर्षांनी आईंना लघवीच्या संसर्गामुळे आयसीयूत ठेवावं लागलं. कल्चरचा रिपोर्ट फोनवर आला. औषधांच्या नावांपुढे ओळीनं 'आर', म्हणजे औषध लागू नाही. मेरोपेनेमपुढेसुद्धा! डॉक्टर म्हणाले, "या जंतूकडे एनडीएम आहे. आधी कोणकोणती अँटिबायोटिक्स झालीत?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

एनडीएम हे जंतूचं एक प्रथिन. २००८ साली स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाकडच्या जंतूत ते प्रथम आढळलं. तो आधी दिल्लीत उपचार घेऊन आला होता, म्हणून नावात 'न्यू दिल्ली' आलं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणारे २४ जंतू तपासले, तर २२ जणांत एनडीएम निघालं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. मेरोपेनेम याच गटातलं.

या प्रथिनाची ताकद कशात आहे? जस्ताच्या दोन अणूंत. प्रथिनाच्या खोबणीत ते घट्ट धरलेले असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा एक कण सापडतो आणि तो औषधाची कडी तोडतो. जस्त काढलं की कात्री बोथट. शिवाय या प्रथिनाचा जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो. आपल्या भाषेत सांगायचं, तर कॉपी-पेस्ट!

आणि इथे ती गुलाबी बाटली आठवते. तिच्यात बिस्मथ नावाचा धातू आहे. बिस्मथला गंधकाची भारी ओढ. ते औषध घेतल्यावर जीभ काळी पडते, तीही त्यामुळेच. एनडीएमच्या खोबणीत गंधक असलेला एक दुवा जस्ताला धरून असतो. हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की बिस्मथचा एक अणू तिथे शिरतो आणि जस्ताचे दोन्ही अणू बाहेर पडतात. मग उंदरांवरच्या प्रयोगात मेरोपेनेम पुन्हा लागू पडलं. त्यासाठी वापरलेलं बिस्मथचं औषध पोटाच्या अल्सरवर आधीपासून वापरात होतं.

पण मंडळी, घाई नको. हे उंदरांत झालंय, माणसांत अजून सिद्ध व्हायचंय. गुलाबी बाटली पिऊन असा संसर्ग बरा होत नाही. आईंना कोलिस्टिन द्यावं लागलं. ते जुनं औषध, मूत्रपिंडाला जड. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. आम्ही विचारलं, "आमच्या गोळ्यांमुळे झालं का?" डॉक्टर म्हणाले, "एकट्या तुमच्यामुळे नाही. पण असे तुमच्यासारखे लाखो आहेत."

ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलेलं नाही.

आईंचं नशीब, की पुण्यात कल्चर झालं आणि कोणतं औषध चालेल ते कळलं. तालुक्याच्या गावी ही सोय अनेकदा नसते. तिथे डॉक्टरला अंदाजानंच औषध द्यावं लागतं. आजचा निधी महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांच्या प्रयोगशाळांसाठी आहे, तो याचसाठी. सढळ हातानं द्या. आणि पुढच्या खेपेला बॅग भरताना त्या उरलेल्या गोळ्या काढून ठेवा. इथल्या फार्मसीत त्या परत घेण्याची पेटी असते, तिच्यात टाका. आम्ही टाकल्या.