काठीचा हिशोब

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी पंक्तीत वाढायला असते, बोलायला नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमचा भाऊ पोलिसात, मुलगी भरतीसाठी पहाटे मैदानावर धावते, तेव्हा तुम्हीच बोला." विषय असा, की पोलिसाने काठी चालवली तर ती वाजवी चालवली की नाही, हे त्याचे वरिष्ठ कसे पाहतात.

जालन्याच्या बायकांना हा विषय परका नाही. 29 ऑगस्ट 2023 रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणास बसले आणि 1 सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. जमावात बायका होत्या, म्हातारी माणसे होती. पोलिसांकडचीही पुष्कळ माणसे जखमी झाली, त्यांतही बायका होत्या. आधी दगड की आधी काठी, यावरून आपल्यातल्या दोघींनी महिनाभर एकमेकींशी बोलणे टाकले होते, ते आठवत असेल. त्या वादात मी आज शिरत नाही. पुढे काय झाले? जिल्हा पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले, चौकशीला अपर पोलीस महासंचालक आले आणि 4 सप्टेंबरला गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली.

माफी मागितली हे चांगलेच झाले. पण साहेबाला रजेवर धाडणे म्हणजे हिशोब नव्हे. हळदीकुंकवाची साखर कमी भरली तर आपण काय करतो? किती आणली, कोणी मोजली, पावती कुठे, हे विचारतो. नुसती खजिनदार बदलली तर साखर कुठे गेली ते कधीच कळायचे नाही.

काठीचाही असाच हिशोब असतो. मुलीच्या भरतीच्या पुस्तकांतून मी तो वाचून घेतला. जमाव बेकायदेशीर असला तरी आधी पांगण्याचा हुकूम द्यावा लागतो, आणि तो कोणी द्यायचा हेही ठरलेले आहे. लोक ऐकत नाहीत असे दिसले तरच बळ वापरायचे. अटक केलेल्या माणसाला तो पळून जाऊ नये एवढ्यापुरतेच जखडायचे, त्याहून जास्त नाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात सांगितले, की अटक झालेल्याने मागितल्यास त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तेव्हाच लिहून ठेवाव्या, खाली त्याची सही घ्यावी, आणि कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरांकडून तपासणी करावी. 2020 साली त्याच न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजही टिपणारे कॅमेरे बसवायला सांगितले. तेव्हा वरिष्ठाला पाहायचेच असेल तर पाहायला पुष्कळ असते.

पाहायचेच असेल तर, असे म्हणते, त्याचे कारण माझा भाऊ. तो परजिल्ह्यात हवालदार आहे. नोकरी नवी असताना एका मोर्चात त्याने काठी चालवली. त्याला कोणी काही विचारले नाही. कागदावर "सौम्य बळाचा वापर" असे लिहिले गेले आणि प्रकरण मिटले. (हा "सौम्य" शब्द वर्तमानपत्रातही येतो. कोणाला सौम्य, ते लिहीत नाहीत.) त्या दिवाळीला भाऊबीजेला आला तेव्हा मोठ्या हुशारीने तो किस्सा सांगत होता, आणि खोटे कशाला बोलू, आम्हीही हसत होतो.

पुढे काही वर्षांनी एका जत्रेच्या बंदोबस्तात त्याने फुगे विकणाऱ्या पोराला मारले. या वेळी साहेब वेगळे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावले. आवाज चढवला नाही. तू कुठे उभा होतास, हुकूम कोणी दिला, आधी सांगून पाहिलेस का, एवढे विचारले. भावाने लिहून दिले होते, की पोरगा अंगावर धावून आला. साहेबांनी डॉक्टरचा दाखला पुढे सरकवला आणि म्हणाले, "वळ सगळे पाठीवर आहेत. अंगावर येणाऱ्याच्या पाठीवर वळ कसे उठले?"

भावाजवळ उत्तर नव्हते. नोटीस निघाली, वर्षाची वेतनवाढ थांबली. वहिनी साहेबाला शिव्या देत होत्या. मीही दिल्या, माझा सख्खा भाऊ आहे. पण त्या दिवसापासून त्याच्या तोंडून तसला किस्सा मी ऐकला नाही.

साहेबाच्या मर्जीवर हे किती सोडावे, हा मला खरा प्रश्न वाटतो. आपल्या शेजारच्या परभणीत डिसेंबर 2024 मध्ये अटकेतल्या सोमनाथ सूर्यवंशीचा मृत्यू झाला. अशा मृत्यूची चौकशी कायदा पोलिसांच्या साहेबावर सोडत नाही, मॅजिस्ट्रेटकडे देतो. त्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितले, तेव्हा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथेही आदेश कायम राहिला. आईने एवढे फिरल्यावर जे झाले, ते वरच्या साहेबाने पहिल्याच आठवड्यात का करू नये?

आपल्यावर वेळ आली तर एवढे ध्यानात ठेवा. मार बसला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि वळ अंगावर कुठे आहेत ते दाखल्यात नीट लिहवून घ्या. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवता येते. राज्याचे पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची तर खास कारण लागते, महिला पोलीस अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. "सकाळी या" असे उंबऱ्यातूनच सांगायला हरकत नाही.

आणि चौकशीचा कागद वरवरच जातो, तो एकदा खालीही यावा. जिच्या पाठीवर वळ उठला तिला तो वाचून दाखवावा, असे माझे मत आहे. मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, "आई, मग आम्हांलाही वाचून दाखवा, दगड लागलेल्यांना." मी म्हटले, हो, तुम्हांलाही.

हे भाषण करू का, म्हणून भावाला आधी फोनवर विचारले होते. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "कर. माझे नाव घेऊ नको. आणि फुगेवाल्याचे वय सांगायचे राहू देऊ नको, अक्का. चौदा वर्षांचा होता."