टाळ ज्याच्या हातात, गोष्ट त्याची

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, सहाव्या दिवशी दुपारी मंदिराच्या सभामंडपात केलेलं बोलणं. बोललो तसंच ठेवलं आहे, थोडं आवरून.)



या जागेवर उभं राहून बोलायची आमची पात्रता नाही. इथं कालपर्यंत कीर्तनकार उभे राहिले. आम्ही मुक्कामावर पोरं सांभाळणारी माणसं. कुणाची चप्पल हरवली, कुणाला ताप आला, कुणाला आईची आठवण आली, हे आमचं खातं. पण विणेकरी बाबा म्हणाले, "शंभर वर्षांत सगळ्यांचं लिहून झालं, पोरांचं कुणी लिहिलं नाही. तुम्ही पोरांच्या गोष्टींचं सांगा." बाबांचा शब्द मोडवत नाही.

वारीत लहान पोर चालतं ते पायावर नाही, गोष्टीवर चालतं. दिवे घाट आठवा. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लागतात तिथं. आपल्या पोरांना कोण जोडी लावणार? आमच्या लहानपणी डोईवर तुळस घेतलेली म्हातारी पुढं चालायची आणि गोष्ट सुरू करायची. वळण आलं की गोष्टीत राक्षस यायचा, चढ आला की देव रुसायचा. माथा येईपर्यंत ती गोष्ट संपूच द्यायची नाही. आणि एका पोराला हुंकार द्यायला लावायची. हुंकार थांबला की समजायचं, पोर दमलं, आता कडेवर घ्या.

वाटेवरची गावंही गोष्टी देतात. सासवडला सोपानकाकांची समाधी, म्हणून तिथं चार भावंडांची गोष्ट. वाल्हे आलं की वाल्या कोळ्याची. नीरेला पादुकांचं स्नान झालं की नदीची. शाळेत भूगोल शिकतात ना, तसा आमचा हा भूगोल.

पुढं आम्ही मोठे झालो आणि आमच्या हातात हे काम आलं. आम्हाला वाटलं, आपण भक्तविजय वाचलाय, आपण पोरांना नीट सांगू. रोज रात्री तंबूत सांगायचो आणि पोरं रोज झोपायची. एक दिवस स्वयंपाकातली एक आजी भांडी घासता घासता म्हणाली, "तुम्हीच बोलता सगळं. त्यांना कधी बोलू देता?" लागलं आम्हाला ते. पण खरं होतं.

तेव्हापासून एक टाळ ठेवला. एकच, जोडीतला. तो ज्याच्या हातात, गोष्ट त्याची. बाकीच्यांनी ऐकायचं, मोठ्यांनी सुद्धा. चुकलं तरी मधे बोलायचं नाही. हा शेवटचा नेम पोरांना लगेच जमला, आम्हाला जमायला पाच-सहा वाऱ्या लागल्या.

चुका होतात. एकानं चांगदेवाच्या वाघाला ब्रेक लावला. एकीनं एकनाथांच्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजल्यावर वर चहाही पाजला. हसू द्या. महिपतीबुवांनी ताहराबादला १७६२ साली भक्तविजयाचे सत्तावन्न अध्याय ओवीत बांधले, ते सुद्धा नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचा आधार घेऊन. एकाचं ऐकून दुसऱ्यानं सांगायचं, असंच हे चालत आलंय. गाढवाला चहा मिळाला तर संतांचं काही कमी होत नाही.

पण पोरांचे प्रश्न मात्र सोपे नसतात. मुक्ताईच्या मांड्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. विसोबा चाटीनं कुंभारांना सांगून ठेवलं, हिला खापर द्यायचं नाही. मग ज्ञानोबांनी जठराग्नी पेटवून पाठ तापवली आणि तिनं पाठीवर मांडे भाजले. आम्ही ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगायचो. एका पोरीनं टाळ हातात घेतला आणि ती पाठीपर्यंत पोचलीच नाही. ती अडली खापराशीच. "कुंभारानं नाही दिलं, पण शेजारच्या बाईनं का नाही दिलं? तिच्याकडं तर होतंच की." तंबूत बसलेल्या आम्हा मोठ्यांपैकी एकालाही चटकन उत्तर देता येईना. गावानं वाळीत टाकणं म्हणजे काय, ते त्या रात्री पोरांना सांगावं लागलं. आणि सांगताना आपापलं गाव आठवत होतं, खोटं कशाला बोला.

जनाबाईचं दळण देव दळायचा, ही गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एका पोरानं सांगितली आणि शेवटी म्हणाला, "आमच्या आईच्या डोक्यावर मोळी मी देतो. देवाला फडात यायला रस्ता नाही." तक्रार नव्हती त्यात. माहिती सांगावी तसं सांगितलं.

पंढरीत गेल्यावर नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी पाहिली की पोरं हमखास विचारतात, हे बाहेर का? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत पडून चोखोबा गेले, तेही सांगतो. आणि १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा मंदिर सगळ्यांना उघडलं, तेही सांगतो. काही जाणत्यांना वाटतं, पोरांना एवढं कशाला. आम्हाला वाटतं, विचारलंय तर सांगावं.

गोरोबाकाकांची गोष्ट मात्र आम्ही आपण होऊन काढत नाही. पण पोरांना ती ठाऊकच असते. एकदा एकानं सांगितली, चिखल, बाळ, नामदेवांचं कीर्तन, हात परत आले, बाळ रांगत आलं, सगळं बरोबर. तर ऐकणाऱ्यांतली सगळ्यात धाकटी विचारते, "रांगत कुणाकडं गेलं? बाबाकडं का आईकडं?" आम्हाला अजून सुचलेलं नाही.

आता एक सांगतो, ते आमच्या चुकीचं आहे.

काही वर्षांपूर्वी आजीबरोबर एक नऊ वर्षांचा पोरगा आला होता. त्याचा बाप फाल्गुनात वारला होता. तरडगावच्या मुक्कामी त्यानं टाळ घेतला. नामदेवाच्या नैवेद्याची गोष्ट. दामाशेटी बाहेरगावी गेलेत, आईनं नामदेवाला नैवेद्य घेऊन धाडलं, देव काही खाईना. "मग नामदेव म्हणला, नाही खाल्लंस तर मी डोकं आपटून घेईन." इथं तो थांबला. मग हळू म्हणाला, "मी पण म्हणलो होतो. दवाखान्यात. माझं नाही ऐकलं."

आमच्यातल्या एकाला राहवलं नाही. नेम मोडून तो म्हणाला, "बाळा, देवानं बाबांना जवळ घेतलं." चांगल्या मनानंच म्हणाला. पोरानं टाळ खाली ठेवला, आजीच्या पदरात गेला आणि पाठ फिरवली.

फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस. चार मुक्काम तो गोष्टीला आला नाही. चालायचा, जेवायचा, फुगडी सुद्धा खेळला. पण हरिपाठ झाला की आजीच्या मागं. आम्ही आपसात पुष्कळ बोललो. कुणी म्हणालं समजूत घालू, कुणी म्हणालं महाराजांना सांगू. भांडी घासणारी आजी म्हणाली, "टाळ तिथंच ठेवा आणि गप बसा."

वेळापूरला तो आला. टाळ उचलला. पहिल्यापासून नाही सांगितली, राहिली तिथून उचलली. "मग देवानं खाल्लं. नामदेव घरी आला. मग त्याचे बाबा बाहेरगावाहून आले. नामदेवानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांना खरं वाटेना. मग दोघं मिळून देवळात गेले." देवळात काय झालं, ते त्यानं सांगितलं नाही. बाबा कसे आले, हेच पुन्हा सांगितलं, डोक्यावर गाठोडं होतं, पायाला धूळ होती, नामदेवानं लांबून ओळखलं. ते कुठल्याच पोथीत नाही. यावेळी कुणी काही बोललं नाही. टाळ त्यानं शेजारच्या पोरीच्या हातात दिला आणि तिनं तिची गोष्ट सुरू केली.

अजून थोडं, मग बसतो. मधे एका वर्षी आम्ही गोष्टींची स्पर्धा घेतली, बक्षीस ठेवलं. पोरं आईबापांनी पाठ करून दिलेलं घडाघडा म्हणायला लागली आणि एकही प्रश्न आला नाही. पुन्हा स्पर्धा घेतली नाही. देणगीदारांनी राग मानू नये.

आणि विश्वस्तांकडं दोन मागण्या. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळं पोरं सलग येत नाहीत, कुणी जेजुरीपर्यंत, कुणी वाखरीपासून. ये-जा करणाऱ्या पोरांसाठी गाडीत चार जागा राखून ठेवा. दुसरं, पोरांचा तंबू पाण्याच्या टँकरशेजारी लावू नका. मोटारीच्या आवाजात बारीक पोराचं बोलणं ऐकू येत नाही.

आज रात्री जेवणं झाल्यावर पोरं पारावर बसणार आहेत. ज्यांना ऐकायचं त्यांनी या. सतरंज्या कमी आहेत, आपापलं बसायला आणा.

रामकृष्ण हरी.