नाइलाजाचा शाकाहार
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



शाकाहार हा गरिबांना सहज परवडणारा आहार आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु रुग्णांच्या घरच्या जेवणाची चौकशी केली असता आम्हांस निराळेच चित्र दिसते. भाकरी असते, वरण दिवसेंदिवस पातळ होत जाते आणि दूध चहापुरतेच उरते. हा व्रताचा नव्हे, नाइलाजाचा शाकाहार होय.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास दरमहा ५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. दिवसाकाठी हे सुमारे १६५ ग्रॅम होते. त्याने पोटास आधार मिळतो. मात्र या हक्कात डाळ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहारात रोज ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचविली आहेत. चौघांच्या घरास महिन्याला ती १० किलो लागतील. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, तेव्हा एवढ्या डाळीसच २००० रुपये पडत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक असली, तरी अपुरा आहार हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

म्हणून ‘दूध, फळे, सुकामेवा घ्या’ एवढे सांगून आमचे कर्तव्य संपत नाही. तूरडाळ परवडत नसेल, तर हरभरा, मटकी, हुलगे, शेंगदाणे यांतूनही प्रथिने मिळतात. नाचणीतून चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळते. जेवणात लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते, तर जेवणालगतच्या चहाने ते कमी शोषले जाते. ज्या घरी दूधही येत नाही, तेथे ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव केवळ भाजी-भाकरीने भरून निघत नाही. त्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने गोळ्याच द्याव्या लागतात.

देणगीदारांस आमची नम्र विनंती आहे की, फळांच्या करंड्यांऐवजी घरी जाणाऱ्या गरजू रुग्णासोबत महिनाभराची कडधान्ये व शेंगदाणे द्यावेत. शस्त्रक्रियेची जखम भरून येण्यास औषधाइतकेच अन्नही लागते, आणि ते अन्न रुग्णास घरी मिळावे, हीही आपल्या सेवेचीच बाजू आहे.