आपले रोटरीवाले काका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त एका शेजाऱ्याची ओळख करून द्यायचं काम समितीनं माझ्यावर सोपवलंय. बी विंगमधल्या या गृहस्थांना आपण सगळे ‘रोटरीवाले काका’ म्हणतो. भाषणात नाव घ्यायचं नाही, अशी त्यांची अट आहे. ती मी पाळते. तसंही इथे कुणाला नाव सांगायची गरज नाही!

रोटरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोट-टाय, हॉटेलातली जेवणं आणि पेपरातले फोटो येतात. सुरुवात मात्र अगदी साधी होती. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये पॉल हॅरिस या वकिलानं पहिली बैठक घेतली. सोबत तिघे जण : एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी. पुढे सभा पाळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत होऊ लागल्या. सभा फिरती, म्हणून नाव रोटरी. पाळीची ती रीत अजून टिकून आहे. क्लबचा अध्यक्ष दर वर्षी १ जुलैला बदलतो. काकाही एक वर्ष अध्यक्ष होते. पुढच्या वर्षी त्याच क्लबच्या कार्यक्रमात ते खुर्च्या मांडत होते.

पोलिओविरुद्धची जागतिक मोहीम रोटरीनं १९८५ साली हाती घेतली. आपल्याकडे १९९५ च्या डिसेंबरपासून पल्स पोलिओ देशभर सुरू झालं. पुढे आपल्या सोसायटीच्या ऑफिसातही बूथ लागायचा, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. पाच वर्षांखालच्या मुलांना दोन थेंब आणि डाव्या करंगळीला शाई. आपली मुलं ती करंगळी मिरवत फिरायची.

पण खरं काम रविवारनंतर असायचं. पथकं घरोघर जायची आणि दारावर खडूनं खूण करायची. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’. एखादं जरी राहिलं असेल तर ‘एक्स’, म्हणजे फुली. तेव्हा आपल्या मागच्या बाजूला मोठं बांधकाम चालू होतं. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर बऱ्याच फुल्या असायच्या, कारण दिवसा आई-वडील कामावर आणि मुलंही त्यांच्याबरोबर. मग काका संध्याकाळी अंगणवाडीच्या ताईंना स्कूटरवर बसवून तिथे जायचे. एक आई ‘बाळाला नको’ म्हणून अडून बसली, तर तिच्या दारी तीनदा गेले. तिसऱ्यांदा ती स्वतःच बाळाला घेऊन बाहेर आली.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लाखो हातांनी केलेलं ते काम. त्यातले दोन हात आपल्या बी विंगमधले, याचा मला अभिमान वाटतो.

काकांची तीच सवय सोसायटीतही दिसते. त्यांच्याकडे एक निळी वही आहे. कोण एकटं राहतं, कुणाचा मुलगा परदेशात असतो, कुणाचा रक्तगट काय, घराची दुसरी किल्ली कुणाकडे, सगळं त्यात लिहिलेलं. दोन दिवस ज्यांचं दार उघडलं नाही, तिथे काका बेल वाजवणारच. ए विंगमधल्या आजी बाथरूममध्ये पडल्या, तेव्हा दुसरी किल्ली पाच मिनिटांत मिळाली ती या वहीमुळे.

आता मुद्द्याचं सांगते. पुढच्या महिन्यात काका-काकू मुलाकडे नाशिकला राहायला जाताहेत. वही इथेच राहणार आहे, पण बेल कोण वाजवणार? आपली वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते, हे आपण दर वर्षी बघतो. एकाच माणसानं सगळं करावं, ही अपेक्षा आता चालणार नाही.

म्हणून रोटरीचीच पाळीची रीत आपण घेऊ या. प्रत्येक विंगमधून एकानं, फक्त एका वर्षासाठी, आपल्या विंगची पानं सांभाळायची. वर्ष संपलं की पुढच्याकडे द्यायची. आज जेवणाआधी सचिवांकडे नावं द्या. काका जाण्यापूर्वी आपल्याला स्वतः घरोघर नेऊन ओळख करून देणार आहेत.

काका-काकूंना आपल्या सर्वांतर्फे उत्तम आरोग्य चिंतते आणि थांबते.