कामाची वेळ आणि संगणक



लग्नघरात कांदा-लसूण आदल्या रात्रीच सोलून ठेवतात. पंगत बसल्यावर कोणी मसाला वाटायला घेत नाही. कारण चुली मोजक्या, हात मोजके आणि पाहुणे ताटावर खोळंबलेले. कचेरीतल्या संगणकाचेही असेच आहे. आज तेवढीच एक गोष्ट आपल्यापुढे मांडतो.

समजा, मुरबाडच्या एमआयडीसीतील एका कारखान्याच्या फाटकाशी माल भरलेला ट्रक उभा आहे. कारकून संगणकावर बिल काढतो आहे. त्याच घटकेला दुसऱ्या टेबलावरून कोणी साऱ्या महिन्याच्या साठ्याचा हिशेब सुरू केला. दोन्ही कामांचा भार एकाच यंत्रावर आणि एकाच माहितीसाठ्यावर पडतो. बिल रेंगाळते, ट्रक अडतो, ड्रायव्हरचा दिवस बुडतो. मालक म्हणतो, मोठे यंत्र घ्या. पण पुष्कळदा यंत्र पुरेसे असते. चुकलेली असते ती कामाची वेळ.

म्हणून कामांचे दोन वाटे करावेत. ज्याच्या उत्तरासाठी माणूस थांबला आहे, ते काम आधी. ज्यासाठी कोणी थांबलेले नाही, ते पडद्यामागे, ठरल्या वेळी. याला बॅकग्राउंड जॉब म्हणतात. एसएपी या प्रणालीत दिवसा समोरच्या कामांना जास्त वाटा आणि रात्री पडद्यामागच्या कामांना जास्त वाटा, असा बदल वेळापत्रकाने आपोआप करता येतो. आसनगाव, आटगाव, खर्डीहून लोकलने जाणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. रेल्वे आपला मेगाब्लॉक चाकरमान्यांची गर्दी कमी असलेल्या रविवारी घेते, ते याचसाठी. २०१५ पासून तत्काळ तिकिटांसाठी वातानुकूलित वर्गाला सकाळी १० आणि इतर वर्गांना ११ ही वेळ दिली, तीही गर्दी वाटून देण्यासाठीच.

परंतु सर्व कामे रात्रीवर ढकलून भागत नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीची सेवा चोवीस तास, दर अर्ध्या तासाच्या हप्त्याने चालते. म्हणजे बँकेला पूर्वीसारखी मोकळी रात्र उरली नाही. तेव्हा मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडावे लागतात आणि क्रमही सांभाळावा लागतो. दिवसाचे व्यवहार पुरे मांडल्यावाचून व्याजाची आकारणी बरोबर येणार कशी?

शिवाय काम वेळेवर लावले म्हणजे ते पार पडलेच, असे नव्हे. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीची कामे लावणाऱ्या प्रणालीत बदल करताना घोटाळा झाला. लक्षावधी ग्राहकांचे व्यवहार अडले. त्याच समूहातील अल्स्टर बँकेच्या ग्राहकांना तर कित्येक आठवडे त्रास सोसावा लागला. २०१४ मध्ये नियामकांनी एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. रात्री कोणी पाहत नसते, म्हणूनच सकाळी कोणीतरी पाहिलेच पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, हे शिकायला मोठी यंत्रशाळा लागत नाही. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिच्यात 'क्रॉन' असतो. मिनिट, तास, तारीख, महिना, वार असे पाच रकाने भरले की काम त्या वेळी सुरू होते. रकाने भरणे एका दुपारी येईल. त्याआधी चार प्रश्न विचारण्याची सवय मात्र लावून घ्या : या कामासाठी कोण थांबले आहे? याला वेळ किती लागतो? याच्या आधी काय व्हायला हवे? आणि हे फसले तर कोणाला कळेल? या प्रश्नांची नीट उत्तरे देणारा मुलगा किंवा मुलगी शहापूरच्या पतपेढीत असो की मुंबईच्या बँकेत, उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.

पालकांना एकच विनंती. शिष्यवृत्तीचा अर्ज अखेरच्या तारखेला भरू नका. त्या दिवशी सगळेच एका दाराशी लोटतात आणि दार तेवढेच असते. आपल्या घरातले हे एक काम चार दिवस आधी लावा. वर्षभराची फी त्यावर अवलंबून असते.